गोदूबाईचा नंबर

हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. नोकरी कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी नव्याने सही करावी लागते, आणि मला ती अजून हवी आहे. एवढं पुरे की पनवेलहून दोन रिक्षा बदलल्या की तिथे पोचता येतं आणि तिथल्या हाडांच्या विभागात झिजलेले गुडघे, गेलेले खुबे फुकट बदलून मिळतात. फक्त थांबावं लागतं. किती, ते विचारायचं नाही. विचारलंच तर खिडकीतली बाई, म्हणजे मी, "फोन येईल" एवढंच सांगते.

गेल्या वर्षाच्या शेवटी सरकारला या भिजत घोंगड्याची लाज वाटली. मोहीम निघाली, नाव 'शून्य प्रतीक्षा'. सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत अडकलेला एकही माणूस एकतीस मार्चनंतर उरता कामा नये, असा वरून हुकूम. आणि खोटं कशाला बोलू, काम झालं. शनिवार-रविवारी ऑपरेशन थिएटर चालू ठेवलं, बाहेरून सर्जन आणले, कधीपासून रखडलेलं सामान आलं. आमच्या यादीतल्या चारशे बारा जणांपैकी एकशे सत्तर जण खरोखर नवे गुडघे घेऊन घरी गेले. एक रिटायर पोस्टमन तर पेढे घेऊन आला आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्हाला चालून दाखवलं. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला होता, हेही नोंदवून ठेवते.

उरलेल्या दोनशे बेचाळीसांचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

मोहिमेसाठी आम्हा चौघींना एका खोलीत बसवलं होतं. समोर चार फोन, चार कॉम्प्युटर, आणि भिंतीवर पांढरा फळा. फळ्यावर रोज संध्याकाळी विश्वजीत सर उरलेल्यांचा आकडा लिहायचे. सर मोहिमेचे समन्वयक, तिशीचे, आमचे वाढदिवस लक्षात ठेवणारे, वाईट माणूस मुळीच नाही. फोन लावायचा, तारीख सांगायची आणि तीनपैकी एक बटण दाबायचं: 'तारीख मान्य', 'नकार' किंवा 'संपर्क नाही'. तीन वेळा फोन लागला नाही की तिसरं. कुठलंही दाबा, नाव यादीतून जायचं आणि फळ्यावरचा आकडा एकाने उतरायचा. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं.

माझा हात जलद. दिवसाला साठ फोन व्हायचे माझे. मी मूळची बेलपाड्याची, लग्नानंतर खांदा कॉलनीत आले. नवरा, अवधूत, गुजरातेत बंदरावर क्रेन चालवतो, दोन महिन्यांतून चार दिवस घरी येतो. ऑफिसात मी 'आहे' आणि 'नाही' बोलते. घरचं 'हाय' आणि 'नाय' गेटवरच्या वॉचमनकडे ठेवून आत शिरते, असं म्हणा.

जानेवारीतल्या एका दुपारी माझ्या वाटच्या यादीत अडतिसावं नाव आलं. गोदूबाई बुधाजी कोळी, वय सदुसष्ट, राहणार विचुंबे, उजवा गुडघा. यादीत चौदा महिने.

"हाय, बोल बाय," पलीकडून आवाज आला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"तुमच्या ऑपरेशनची तारीख आली आहे. बारा फेब्रुवारी. मान्य आहे का?"

तिने कुणाला तरी कुकर बंद करायला सांगितलं.

"आयली?" ती हळूच म्हणाली. "खराच?"

"हो."

"मंग आसा कर बाय. ती तारीख ठकीला दे."

"कोण ठकी?"

"ठकी गोमा. कातकरवाडीची. आमी दोगी हाडांचा फोटू काराया आलो तवा एका बाकड्यावर बसलेलो. तिचा खुबा गेलाय. तुमच्याच यादीत हाय ती. माजा नंबर तिला दे. मी मागशी येतंय, पुढच्या नंबराला."

ती काय म्हणत होती ते मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. माझी मावशी पंचवीस वर्षं मासळी विकत होती. लहानपणी मी तिच्याबरोबर बंदरावर जायचे. होडी लागली की बायका नंबराने उभ्या राहतात. कुणाचं पोर आजारी असेल, कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल, तर पुढची बाई आपला नंबर तिला देते. आणि नंबर देणारी रांगेच्या शेवटी जात नाही. पुढच्या होडीला पहिली ती. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण एकही बाई ते विसरत नाही. विसरलीच तर बाकीच्या तिला बंदरावर उभं राहू देणार नाहीत.

"मावशी, असं देता येत नाही," मी म्हणाले.

"देता कसा येत नाय? नंबर माजाच हाय ना?"

तिसऱ्या नियमात काय लिहिलंय आणि पाचव्यात काय, ते तिला समजावायला दहा मिनिटं लागली असती. सर फळ्याजवळ खडू नव्हे, मार्कर घेऊन उभे होते. आकडा तीनशे एक होता.

"म्हणजे बारा तारखेला तुम्ही येणार नाही?"

"नाय ना. ठकी येल."

मी 'नकार' दाबलं. सरांनी तीनशे लिहिले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मी पुढचा फोन लावला.

गोदूबाईची तारीख नियमाप्रमाणे एकोणचाळिसाव्या माणसाला गेली. तो कळंबोलीचा बस कंडक्टर होता, त्याने आनंदाने घेतली. पाच दिवसांनी माझ्या स्क्रीनवर ठकी आली. फोन बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी बंद. कातकऱ्यांची घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात, हे पनवेलच्या आसपास राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जानेवारीत त्यांना फोन करून 'संपर्क नाही' म्हणणं म्हणजे ओहोटीला जाळं टाकून समुद्रात मासे नाहीत म्हणण्यासारखं. नाव बघून माझं बोट थांबलं. मग दाबलं.

एकतीस मार्चला फळ्यावर भलंमोठं शून्य आलं. केक कापला, फोटो निघाला. फोटोत मी हसते आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खिडकीसमोर एक म्हातारा उभा राहिला. काटकुळा, चौकडीचा शर्ट, दर चार शब्दांनी श्वासासाठी थांबणारा. त्याने आधीच्या तीन खिडक्यांवर चौकशी केली होती.

"फोनवरची बाय तूच क?" त्याने विचारलं. "गोदूला तारीख दिलेली ती?"

मी हो म्हणाले. त्याने वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील खिडकीतून आत सरकवले.

"तिनं धाडलंय. आता तिचा पुढचा नंबर कवा, ता इचारायला आयलो."

मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले, म्हणजे शोधते आहे असं वाटावं. शोधायला तिथे काही नव्हतं. तो मात्र खिडकीच्या कठड्याला टेकून, दम खात, घरचं सांगायला लागला. तो बुधाजी. उरणच्या बाजूला, खाडीकाठी त्याचा कोळीवाडा. छातीचं दुखणं झाल्यापासून तो होडीवर जात नाही, पुतण्या गणू जातो, हा किनाऱ्यावर बसून जाळी विणतो. मुलगा भावेश कंटेनरच्या यार्डात कामाला, त्याचा विचुंब्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. दीड वर्षापूर्वी सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा गोदूबाई महिन्याभरासाठी तिकडे गेली. गुडघे आधीच दुखत होते, त्यात ते तीन जिने. चढली कशीबशी, आणि मग पाय असे धरले की उतरताच येईना. बिल्डिंगला लिफ्ट नाही.

"तुम्ही जाता ना भेटायला?" मी विचारलं.

"जातंय. खालशी." त्याने छातीवर हात ठेवला. "मना जिना बंद हाय. एकदा चडलो, पयल्या मजल्यावर डोल्यासमोर काला. गाडी बोलवायला लागली. तवापासून तिनं शपथ घातलीय."

तो वर जाऊ शकत नाही आणि ती खाली येऊ शकत नाही. एवढी साधी गोष्ट समजायला मला एक क्षण लागला.

"आपरेशन झाला का ती घरी येनार," तो म्हणाला. "भावेश बोलतो, आधी गुडगं, मंग कोलीवाडा. त्याचा पन बरोबर हाय. आमचं मोरी-संडास भायेर. मना तिचा करायला व्हनार नाय." मग थोडं थांबून म्हणाला, "दर पंधरा दिसांनी, अष्टमीला, मी तिकडं असतंय. भांगाची भरती असते, पानी कमी, जाली सुकत पडतात. तवा सवड. तिला काय सांगू, बाय?"

"फोन येईल," मी म्हणाले.

"बरा. घाय नाय," असं म्हणून तो गेला. घाई नाही म्हणणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात, हे मला बारा वर्षं खिडकीत बसून कळतं. बोंबील मी घरी नेले. तव्यावर टाकले, पण ताटात घेतले नाहीत. रात्रीच्या फोनवर अवधूतने नेहमीसारखं "जेवलीस का" विचारलं. "जेवले" म्हणून मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी विश्वजीत सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण टेक्निकली तिने नकारच दिला ना, विनिता मॅडम?"

"तिने नंबर दिला, सर. नकार मी दिला."

बंद झालेली नोंद उघडता येत नाही, हे त्यांनी मला दोनदा उघडून दाखवायचा प्रयत्न करून दाखवलं. नवी नोंद करावी लागेल. सहा महिन्यांच्या आतले लोक मोहिमेत धरलेच नव्हते, ती यादी तशीच वाढत होती. नव्या माणसाचा नंबर पाचशे तीस. सरांनी फॉर्म स्वतः छापून दिला आणि "सॉरी सांगा त्यांना" असंही म्हणाले. मी सांगितलं ना, वाईट माणूस नाही.

अष्टमीला मी सुट्टी टाकली आणि विचुंब्याला गेले. नव्या बिल्डिंगांच्या गल्लीत शोधावं लागलं नाही. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बुधाजी बसला होता, मान वर करून, फोन कानाला लावून. समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक थोराड बाई बसली होती, गजांना हनुवटी टेकून, तिच्याही कानाला फोन. गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली लोंबत होती. त्यात तो मासळी घालतो, ती भाकरी सोडते, हे गिरणीवाल्याने मला न विचारता सांगितलं.

मी दोघांच्या मधून रस्ता ओलांडला. दोघं काही बोलत नव्हते. नुसते फोन कानाला. एकमेकांचा श्वास ऐकत बसले होते, दुसरं काय.

मला अवधूतची इतकी आठवण आली की जिन्यात शिरण्याआधी मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. लिफ्टच्या जागी चौकोनी भोक होतं, त्यात सायकली आणि एक जुनी गादी.

सुनेने, कोमलने, दार उघडलं. हॉस्पिटलमधून आले म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला आणि मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोदूबाईने मला जवळ बसवलं. दंड असे की आयुष्यभर डोक्यावरची पाटी चढवल्या-उतरवल्याशिवाय तसे होत नाहीत. गुडघे मात्र लुगड्यातूनही सुजलेले दिसत होते.

"खुर्चीत बसवून नाही का आणता येत तुम्हाला खाली?" मी विचारलं. खरं सांगायचं तेवढं पुढे ढकलत होते.

"फोटू काराया तसाच नेला. चौगा धरायला. वलनावर एक घसरला, मी खुर्चीसकट पडली, हात मोडला. तवाच भावेशला बोललू, आता चौगांच्या खांद्यावर मी एकदाच जानार." ती हसली. "आता आपरेशनच्या दिशी एक डाव, नंतर माज्या पायानं."

मग मी सांगितलं. ऑफिसातली भाषा तिथे तोंडात येईना.

"मावशे, तुजा नंबर गेला. तुला पुडचा नाय भेटला. मीच बटन दाबला. मना समाजला होता तू काय बोलतेस ता, तरी दाबला."

कोमल भिंतीला टेकली. मला वाटलं होतं गोदूबाई शिव्या घालेल, आणि मी त्या ऐकायच्या तयारीनेच गेले होते.

"ठकीला तरी भेटला का?" तिने विचारलं.

"नाय. तिचा फोन बंद होता. तिचा पन नाव काटला."

"बंदच असनार. घरात एकच फोन, तो गोमाकडं, भट्टीवर." गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. "भट्टीवाला जोडीच घेतो, बाय. एक मानूस माती मलनार, एक इटांचा साचा मारनार. ठकी आता सरपटते. गोमा आता भावाच्या जोडीत तिसरा म्हनून जातो, ही वाडीवर एकली. दर साली आठ महिने. मना बाकड्यावर बोलली, मावशे, पाय नसला तरी चालल, पन घरवाल्याला एकदा बगूदे." ती थांबली. "माजा म्हातारा पंधरा दिसांनी खालशी दिसतो तरी. तिचा दिसत पन नाय. मंग तूच सांग, नंबर कोनाचा?"

चारशे बारा नावांच्या यादीत वय होतं, वजन होतं, साखर किती ते होतं. कुणाला कुणाकडे जायचंय, हा रकानाच नव्हता.

"आता नवा नंबर कितवा?" कोमलने विचारलं.

"पाचशे तीस. दीड वरीस. दोन पन लागतील."

गोदूबाईने गॅलरीकडे मान वळवली. खाली बुधाजी तसाच वर बघत बसला होता. उन्हाने त्याने डोक्यावर रुमाल टाकला होता. मग तिने फोन कानाला लावला.

"जाव नको," ती म्हणाली. "मी येतंय."

आणि कोमलला म्हणाली, "जाड टावेल दे मना."

"आई, कुठे येताय? काय बोलताय?"

"बसून उतरतंय. पोरा उतरतात तशी. दीड वरीस लाजेनं नाय उतरली. लोकांसमोर ढुंगन घासत कशाला जाव, आज ना उद्या पायानं जाईन, मनून बसली. आता दोन वरसा? तो दोन वरसा हाय का नाय, कोनाला ठाव."

कोमलने नको नको म्हटलं, भावेश मलाच बोलेल म्हटलं, रडायला लागली. तिचंही काही चुकत नव्हतं. पण गोदूबाई तोवर जमिनीवर बसून उंबऱ्यापर्यंत सरकली होती.

तीन जिने, चौपन्न पायऱ्या. ती दोन्ही हात मागे टेकायची, अंग उचलायची आणि खालच्या पायरीवर सोडायची. पाय मी खालून धरले होते, कोमल वरून काखेत हात घालून होती. प्रत्येक पायरीला गुडघ्यातून कळ जायची ती मला तिच्या पोटऱ्यांत कळायची. ती ओरडली नाही. दुसऱ्या मजल्यावर दारं उघडली, एका बाईने पाणी आणलं, एका माणसाने "काय झालं" विचारलं. "काय नाय, घरी चालली," असं गोदूबाईनेच त्याला सांगितलं. घामाने तिचं कुंकू पसरलं होतं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर तिने दम घेतला. खालून धापांचा आवाज आला. बुधाजी जिन्याच्या तोंडाशी आला होता आणि त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता.

"वर येव नको," ती ओरडली. "शपथ हाय."

"नाय येत," तो खालून म्हणाला. पाय मात्र त्याने पायरीवरून काढला नाही.

शेवटच्या जिन्यात दोघं एकमेकांना दिसले. मग ती थांबलीच नाही. अठरा पायऱ्या ती अशी उतरली की मला पाय धरायला धावावं लागलं. सगळं मिळून पाऊण तास लागला होता. शेवटच्या पायरीवर ती बसली आणि तो तिच्या शेजारी बसला. पायरी अरुंद, ती अर्ध्याहून जास्त अडवून बसलेली, तो अर्धा बाहेर.

मग त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लय सुजलाय," तो म्हणाला.

"तू वाललास. गणूची बायको जेवाया घालते का नाय?"

"घालते."

"मंग गिलत नसशील."

तो हसला आणि हसताना त्याला खोकला आला. तिने त्याची पाठ चोळली. दीड वर्षाने चोळली. मी तोंड फिरवून सायकलींकडे बघत राहिले. मी रडत होते, आणि लाज वाटत नव्हती.

"आई, आता वर कसं न्यायचं तुम्हाला?" कोमलने विचारलं.

"वर कोन जातंय?" गोदूबाई म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. कोमलने भावेशला फोन लावला, तो फोनवर ओरडला, आईशी बोलून गप्प झाला, मग म्हणाला की यार्डातून सुटल्यावर कोळीवाड्यावर येतो, कमोडची खुर्ची घेऊन येतो, रोज सकाळी गणूच्या बायकोला हात लावायला सांगतो. कोमल वर जाऊन गोळ्या, लुगडी, चादर बांधून घेऊन आली. सासूच्या पाया पडताना पुन्हा रडली. गिरणीवाल्याने ओळखीची इको व्हॅन बोलावली.

व्हॅन येईपर्यंत मी पर्समधून फॉर्म काढला. गोदूबाईने तो हातात घेतला, उलटसुलट बघितला.

"दुसरा हाय का?"

"हाय."

"मंग आधी ठकीचा भर. तिचा नंबर पुडं पायजे, माजा मागशी."

ठकीची सही लागेल म्हणाले. उद्या सकाळी वाडीवर जाऊन आणते, मग दोन्ही एकदम टाकते, तिचा आधी, असं कबूल केलं, तेव्हाच तिने आपली सही केली. एकेक अक्षर कोरत. पत्त्याच्या जागी मी विचुंबे लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं आणि कोळीवाडा लिहायला लावलं. सगळ्यांनी मिळून तिला व्हॅनच्या मागच्या सीटवर सरकवलं, बुधाजी तिच्या शेजारी बसला. दार लावता लावता माझ्याच्याने राहवलं नाही.

"काका, लय दिस लागतील," मी म्हणाले. "मी खोटा नाय बोलत. फोन येल, पन कवा, ता मना सांगता येनार नाय."

बुधाजीने श्वास गोळा केला.

"येल तवा येल, बाय," तो म्हणाला. "आता दोगा एका ठिकानी बसून वाट बगू."